गाडीतला मुराळी

गाडीतली बाई हिंदी बोलते, इंग्रजी बोलते, मग आपल्याशी मराठीत का बोलत नाही, अशी तक्रार घेऊन लोक माझ्या जळगावच्या दुकानात यायचे. येतानाच तावातावाने यायचे. त्या बाईला मीच नोकरीवर ठेवलं असावं, असा एकंदर सूर. "प्रभाकरभाऊ, तिला जरा सांगा!" मी सांगायचो. तिला सांगणं, हाच माझा धंदा होता. गेल्या वर्षी दुकान पुतण्याच्या हाती दिलं. आता सकाळी पेपर पहिल्या पानापासून वाचतो आणि रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांकडे उगीच बघत बसतो.

सुरुवात माझी टेपरेकॉर्डरपासूनची. जीपगाड्यांना स्पीकर बसवायचे, केळीच्या ट्रकांना कॅसेट प्लेयर बसवायचे. पुढे गाड्यांमध्ये स्क्रीन आले, ते रस्ता दाखवू लागले, आणि माझा सोल्डरिंग गन धरणारा हात हळूहळू लॅपटॉपवर गेला. कोणी शिकवलं नाही. आधी स्वतःची जुनी गाडी बिघडवली, मग मेहुण्याची. मेहुणा अजून त्यावरून टोमणे मारतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॅशबोर्डच्या मधोमध जो स्क्रीन असतो, तो एक कॉम्प्युटरच आहे. नकाशा त्याच्या पोटात असतो आणि गाडी नकाशावर कुठे आहे, हे त्याला उपग्रहाकडून कळतं. बोलणारी बाई मात्र आपल्याला वाटते तशी सलग बोलत नसते. तिच्याकडून एकदाच छोटे छोटे तुकडे बोलून घेतलेले असतात. ‘दोनशे मीटरवर’ हा एक तुकडा, ‘डावीकडे वळा’ हा दुसरा. असे साठ-सत्तर. मशीन लागतील तसे ते जोडतं. माझं काम म्हणजे आतलं कुलूप उघडायचं, आहे त्या सगळ्याची नक्कल काढून ठेवायची, मग नकाशा नवा करायचा, तुकडे बदलायचे आणि सगळं परत आत लिहायचं. या लिहिण्याला वीसेक मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत वीज तुटली, की स्क्रीन संपला. काळा ठिक्कर, दाबा कुठेही. आमच्यात त्याला ‘वीट झाली’ म्हणतात.

कंपनीची गॅरंटी जाईल, हे मी आधी सांगायचो आणि लिहूनही घ्यायचो. गाडी चालवताना स्क्रीनवर पिक्चर दिसेल असं करून द्या म्हणणारे यायचे, त्यांना चहा पाजून परत पाठवायचो. तेवढं एक पथ्य शेवटपर्यंत पाळलं.

वीट मी एकदाच केली. म्हणजे झाली. एका डाळमिलवाल्या शेटजींची नवी कोरी गाडी, दिवस दसऱ्याचा. संध्याकाळी सहकुटुंब देवदर्शनाला निघायचं आणि तोवर गाडीने मराठी बोलायला लागायचं, असा त्यांचा हट्ट. मी त्यांच्याच अंगणात बसून काम सुरू केलं. गाडीची किल्ली चालू, लिहिणं निम्म्यावर आलेलं. शेटजींच्या मातोश्री पूजेचं ताट घेऊन आल्या. मी हात जोडून म्हटलं, आजी, थोडं थांबा. त्या थांबल्याही. पण माझी पाठ वळताच त्यांनी सुनेला सांगितलं, चालू यंत्राची पूजा करत नाहीत, आधी बंद कर. सुनेने किल्ली फिरवली. आजींनी झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि मी परत बघतो तर स्क्रीन काळा. चूक त्यांची नव्हती. दसऱ्याला यंत्र विसावतं, हे मला खानदेशात जन्मून कळायला हवं होतं. तो स्क्रीन उघडून, आतली चिप काढून, तिच्यावर थेट लिहून जिवंत करेपर्यंत माझी दिवाळी गेली. शेटजींनी तरीही ठरलेले पैसे हातावर ठेवले, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसरे एक गिऱ्हाईक रावेरकडचे केळीवाले. त्यांनी कुठूनशी परदेशातून आलेली सेकंडहँड गाडी घेतली होती. तिच्यातली बाई जपानीत बोलायची. दीड वर्ष ते ती ऐकत होते. कंटाळून माझ्याकडे आले, मी स्क्रीन हिंदी करून दिला. खूश होऊन गेले आणि आठवड्याने परत हजर.

"भाऊ, जुनी बाई परत लावून द्या."

"का हो? तिचं तुम्हाला काही समजत नव्हतं ना?"

"समजत नव्हतं, म्हनूनच तर बरं व्हतं. ही नवी बाई सारखी चुका काढती. ती किती गोड बोलायची! आमची मंडळी बी इचारती, ती कुठी गेली म्हनून."

मी नक्कल काढून ठेवली होती, म्हणून जपानी बाई परत नांदायला आली. तेव्हापासून मी कुणाचीही जुनी नक्कल पुसली नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण आयुष्यभर केलेल्या कामातलं एकच निवड म्हटलं, तर मी सुमनअक्कांचं निवडीन. अक्का म्हणजे जळगावातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यावर गाडी शिकल्या आणि स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली. त्यांचे यजमान शेजारी बसायलाही घाबरायचे. अखाजीला दहा-बारा दिवस राहिले असताना त्या दुकानात आल्या आणि खुर्चीवर ताठ बसल्या.

"प्रभाकरभाऊ, या गाडीत बाईऐवजी माणसाचा आवाज घालता येतो का?"

"येतो की. पुरुषाचा हिंदी आवाज तयारच आहे."

"तयार नको. माझ्या भावाचा हवा."

मी वही मिटली. अखाजी म्हणजे आमच्याकडे अक्षय्य तृतीया. खानदेशात लेकींचा याहून मोठा सण नाही. झाडाझाडाला झोके लागतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, आणि सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. मात्र ती आपली आपण येत नाही. तिला न्यायला भाऊ नाहीतर माहेरचं कोणीतरी येतं, त्याला मुराळी म्हणतात. अक्कांचं माहेर सोनगीरपासून थोडं आत. लग्न झाल्यापासून एकही अखाजी अशी गेली नव्हती, की त्यांचे थोरले भाऊ हिलालआबा मुराळी म्हणून आले नाहीत. आधी बैलगाडीने आणि एसटीने, मग मोटारसायकलवर. अक्कांनी गाडी घेतल्यावरही आबांनी नेम मोडला नाही. आदल्या दिवशी एसटीने जळगावला यायचे, बहिणीच्या हातचं जेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून तिला रस्ता दाखवत माहेरी न्यायचे.

या वर्षी आबा खळ्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं, धुळ्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने बसचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

"मग तुमच्या भाच्याने यावं न्यायला," मी म्हटलं.

"तो तयार आहे. पण आबा ऐकत नाहीत. काल फोनवर म्हणाले, ‘पाय मोडना, जीभ नही मोडनी. मी येस तुले लेवाले.’ ते खरंच मला घ्यायला येतील हो, भाऊ! काठी घेऊन एसटीत चढतील. आणि मी येत नाही म्हटलं, तर जेवण टाकतील." अक्कांचा आवाज बदलला. "या वर्षी मी गेले नाही, तर ते मनाने खचतील. आणि ते आले, तर तो पाय कायमचा जाईल. मी त्यांना सांगितलंय, तुम्ही घरीच बसा, तुमचा आवाज मला न्यायला येईल. त्यावर म्हणाले, आधी कर, मग बघू."

मी चाळीस वर्षांत एवढं जोखमीचं काम घेतलं नव्हतं. पण हो म्हणालो, कारण नाही म्हणायला तोंड उघडलंच नाही.

रविवारी मी रेकॉर्डर, माईक आणि त्रेसष्ट वाक्यांची यादी घेऊन सोनगीरकडे गेलो. आबा ओसरीत खाटेवर, पायाखाली उशा, डोक्यावर पांढरी टोपी. अक्कांचा भाचा, म्हणजे आबांचा मुलगा राजू, जवळ उभा. मी कानाला हेडफोन लावले आणि यादी वाचायला घेतली. एक वाक्य मी वाचायचं, तेच आबांनी त्यांच्या बोलीत म्हणायचं.

"दोनशे मीटरवर," मी म्हटलं.

"मीटर कसाले? कापड लेनं शे का?"

"आबा, मशीनला अंतर लागतं."

"बहीनले काय अंतर सांगस? ती रस्तावर शे. ‘जराखं पुढे’ म्हनं की जयं."

शेवटी तडजोड झाली. जवळचं वळण असलं की ‘आते’ म्हणजे ‘आता’, थोडं लांब असलं की ‘जराखं पुढे’, आणि दोन किलोमीटरच्या वरचं सगळं ‘अजून येळ शे’. माझ्या धंद्याच्या नियमात हे बसत नव्हतं, पण मी लिहून घेतलं. ‘वळा’ म्हणायलाही ते तयार नव्हते. "बहीनले कोनी ‘वळा’ म्हनस का?" गाडी फार जोरात गेली तर द्यायचा इशारा त्यांनी स्वतःच बनवला: "हयू चालव, बाई. कसानी घाई शे?" आणि रस्ता चुकल्यावर मशीन नव्याने मार्ग शोधतं, तेव्हाचं वाक्य: "थांब, माले इचार करू दे."

मी खाली मान घालून रेकॉर्डरच्या काट्यावर नजर ठेवली होती. आवाज फाटत नाही ना, शेळी मधेच ओरडत नाही ना, एवढंच बघत होतो. दोन तासांनी आबा म्हणाले, "बठ्ठं जयं का?" मी म्हटलं, सगळं झालं. वहिनींनी, म्हणजे आबांच्या कारभारणीने, शेवभाजी वाढली. पोटभर जेवलो, जळगावला परत आलो आणि तीन दिवस तुकडे कापत बसलो.

मग ते सगळं गाडीत लिहिलं. या वेळी चार्जर बॅटरीला लावला, गाडीच्या दारासमोर खुर्ची टाकून स्वतः बसलो, आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आलेल्या अक्कांनाही लांब उभं केलं. लिहिणं नीट पार पडलं. मी ऐटीत गाडी बाहेर काढली. चौफुली जवळ आली आणि आबा स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले:

"आते आथा फिर, बाई."

आथा म्हणजे इकडे. इकडे म्हणजे कुठे? मी गोंधळून डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पुढच्या चौकात वळण उलट बाजूला होतं. तिथे आबा म्हणाले, "आते तथा फिर." तथा म्हणजे तिकडे.

दुकानात येऊन मी कपाळावर हात मारून घेतला. ओसरीत मी ‘डावीकडे वळा’ म्हटल्यावर आबा ‘आथा फिर’ म्हणाले होते आणि सोबत हात केला होता. ‘उजवीकडे’ला दुसरा हात. आपल्याकडे रस्ता सांगताना तोंड निम्मंच सांगतं, बाकीचं हात सांगतो. ओसरीत कोणालाच काही खटकलं नाही, कारण हात सगळ्यांना दिसत होता. मला एकट्याला दिसत नव्हता, कारण मी काट्याकडे बघत होतो. चाळीस वर्षांचा माझा अनुभव त्या एका क्षणी पाण्यात गेला.

अखाजीला तीन दिवस उरले होते. परत जाऊन आवाज घ्यावा म्हणून राजूला फोन केला, तर आबांचा घसा बसलेला. ऑपरेशननंतर इतकं बोलायला मिळालेला पहिला दिवस त्यांनी मनसोक्त वापरला होता. मी पडेल चेहऱ्याने अक्कांना बोलावलं, गाडीत बसवलं आणि चौफुलीपर्यंत नेलं. त्यांनी ‘आथा फिर’ ऐकलं मात्र, पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"अगदी असंच! शेजारी बसून असाच हात पुढे करतात. मी हात बघून वळते, शब्द ऐकतच नाही. आवाज बदलू नका, प्रभाकरभाऊ."

"अहो अक्का, पण हात कुठून आणू?"

मी हे वैतागून बोललो खरा, पण बोलता बोलता स्क्रीनकडे लक्ष गेलं. स्क्रीनवर वळणाच्या वेळी बाण उमटतो. तो बाण म्हणजे शेवटी एक चित्रच. चित्र बदलता येतं.

राजूला सांगून आबांच्या हाताचे फोटो मागवले. एक डाव्या हाताचा, डावीकडे दाखवणारा. एक उजव्याचा. एक सरळ समोर केलेला, आणि एक मागे फिर म्हणणारा. शर्टाची बाही, चांदीची अंगठी, आणि बैलाच्या कासऱ्यात सापडून वाकडी झालेली करंगळी. ती करंगळी कापून चित्र सरळ करावं, असं क्षणभर मनात आलं होतं. बरं झालं, केलं नाही. प्रत्येक फोटोची पार्श्वभूमी कापायची, बाणाच्या मापात बसवायचा, उन्हात दिसेल इतका उजळ करायचा, स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यासाठी वेगळा लहान करायचा. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. इतका आनंद मला कामात क्वचितच झाला असेल. बायको म्हणाली, कुणाच्या हातात एवढं काय बघताय? मी म्हटलं, ज्योतिषी झालोय.

अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी अक्का नऊवारी नेसून गाडीत बसल्या. मुराळ्याला जेवू घातल्याशिवाय निघायचं नसतं, म्हणून स्क्रीनपुढे पुरणपोळीचा घास ठेवला आणि त्याला ओवाळलं. या वेळी मी किल्ली बंद करू दिली. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसलो, कारण पहिल्याच फेरीला त्यांना एकटं सोडायला मन धजेना.

एरंडोल मागे पडलं. "अजून येळ शे," आबा म्हणाले. पारोळ्याला अक्का चहासाठी मुद्दाम आत वळल्या. "थांब, माले इचार करू दे." आबांनी विचार केला आणि वाकड्या करंगळीचा हात मागे फिर म्हणाला. अक्का स्क्रीनशी भांडत होत्या. "चहा पिऊ द्या की, आबा! तुम्ही प्यायलात घरी!" पुढे रस्ता मोकळा मिळाला तशी गाडी पळाली आणि लगेच आबा म्हणाले, "हयू चालव, बाई. कसानी घाई शे?" माजी मुख्याध्यापिकेने निमूटपणे पाय काढला. धुळ्याला आग्रा रस्त्याकडे वळायचं होतं, तिथे फाट्यांचा गुंता. माझा जीव मुठीत. "आते तथा फिर." अक्कांच्या डोळ्यांसमोर आबांचा उजवा हात उमटला, आणि त्यांनी एवढ्या सहज वळण घेतलं, की मी मागे बसून लॅपटॉप मिटून टाकला. मला तेव्हा खरोखर रडू आलं.

सोनगीरचा किल्ला दिसला, गाव आलं. घराच्या दारात सगळं घर उभं होतं आणि मधोमध खुर्चीवर आबा, पाय पुढे केलेला, काठी मांडीवर. गाडी थांबली. काच खाली होती. आतून घर आल्याचं सांगणारा आबांचा आवाज आला, "उनं घर, बाई. उतर." खुर्चीवरच्या आबांनी तो ऐकला. टोपी सरळ केली.

अक्का उतरल्या. वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन पुढे आल्या, त्यांनी तो अक्कांवरून ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मग मागे वळून आत जायला निघाल्या. तशी आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"ए, कथा चालनी? मन्हावरथीन बी ओवाय. मी बी जळगावथीन उनू ना!"

जळगावहून आलेल्या मुराळ्यासाठी वहिनी नवीन तुकडा आणायला आत धावल्या.